एका नावातले दोन शब्द

दरवर्षी १४ जानेवारीला सकाळी मी विद्यापीठाच्या दरवाज्यापाशी जातो. संक्रांतीचे दिवस असतात. घरोघर तिळगूळ चाललेला असतो. पण इथे पहाटेपासून माणसांची रीघ लागलेली असते. एसटीने, जीपने, टेम्पोने लांबलांबच्या गावांहून लोक येतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल मांडलेले असतात. माणसे दरवाज्याला फुले वाहतात, लेकराबाळांसह फोटो काढतात, चार पुस्तके घेतात आणि परत जातात.

काही वर्षांपूर्वी तिथे एक म्हातारी दिसली. दरवाज्याच्या खांबाला कपाळ टेकून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. शेजारी दहावी-अकरावीतली नात होती. मी विचारले, "आजी, घरातलं कुणी शिकलंय का इथं?" ती म्हणाली, "कोनी नाई अजून. ही येनार हाय."

देवळाच्या पायरीवर डोके टेकणारी माणसे आपण रोज पाहतो. विद्यापीठाच्या दरवाज्यावर डोके टेकणारी माणसे मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत. हे असे का, याचे उत्तर या विद्यापीठाच्या नावात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. या नावात एक शब्द प्रदेशाचा आहे आणि एक नाव माणसाचे आहे. दोन्ही लढून मिळालेली आहेत. आपण मात्र या दोन लढ्यांची गोष्ट वेगवेगळी सांगतो. आज मी ती एकत्र सांगणार आहे, कारण ही एकच गोष्ट आहे हे कळायला मला स्वतःला फार उशीर लागला.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करतो. अंबड तालुक्यातले आमचे गाव. वडील निजामाच्या राजवटीत शिकले. घरात मराठी, शेतात मराठी, भजनात मराठी. पण वरच्या वर्गांत गेले की गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, इतिहासही उर्दूत. त्रिकोणाला ते अखेरपर्यंत 'मुसल्लस' म्हणत. गावच्या सोसायटीचा हिशेब मांडताना आकडेमोड तोंडातल्या तोंडात उर्दूतच चालायची. उर्दूचा त्यांना राग मुळीच नव्हता. गालिबचे कितीतरी शेर त्यांना पाठ होते. त्यांचे दुःख निराळे होते. ते म्हणत, "मास्तर काय सांगतात ते आधी घरच्या भाषेत फिरवायचं, मग समजून घ्यायचं. तेवढ्यात मास्तर पुढे गेलेले असत."

हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. त्याचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. सगळ्या हिंदुस्थानात उच्च शिक्षण इंग्रजीतून चालले असताना या विद्यापीठाने एका देशी भाषेतून पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचे धाडस केले. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग काढला. शास्त्राची, कायद्याची, वैद्यकाची पुस्तके उर्दूत आणली. आपल्या औरंगाबादच्या कॉलेजात मौलवी अब्दुल हक प्राचार्य होते, ज्यांना उर्दू जगत 'बाबा-ए-उर्दू' म्हणते. त्यांच्यामुळे उर्दूच्या अभ्यासाचे एक मोठे केंद्र काही काळ याच शहरात होते. हा वारसा आपलाच आहे.

पण ज्या संस्थानात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होते, तिथे पदवीची भाषा दरबाराची होती. इंग्रजीच्या जागी देशी भाषा आली, पण ती आमच्या घरची नव्हती. त्यात पदवीसाठी जायचे ते काचीगुडा-मनमाड मीटरगेजने थेट हैदराबादला. खर्च झेपला तर जायचे. माझ्या वडिलांना तो झेपला नाही.

भाषेबरोबर प्रश्न स्वाभिमानाचाही होता. १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली आणि विद्यार्थ्यांनी संप केला. औरंगाबादच्या कॉलेजातही त्याचा वणवा पेटला. शेकडो मुलांची नावे काढून टाकण्यात आली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. या संपातून बाहेर पडलेली कितीतरी मुले स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मुक्तिसंग्रामात उतरली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. माझे वडील त्या लढ्यात काही महिने सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. ते गोष्टी फारशा सांगत नसत. कॅम्पातल्या उवांबद्दल तेवढे बोलत.

यानंतरचे १९५० हे साल मला फार महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी मराठवाड्यात दोन कॉलेजे उघडली. एक नांदेडला, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने. त्याचे नाव पीपल्स कॉलेज. दुसरे औरंगाबादला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेले; ते चालवणाऱ्या संस्थेचे नाव पीपल्स एज्युकेशन सोसायटी. एका बाजूला मुक्तिसंग्रामाचा संन्यासी सेनापती आणि दुसऱ्या बाजूला घटनेचा शिल्पकार. दोघांनी एकाच वर्षी, एकाच मागास मुलखात शिक्षणाचे दार उघडले, आणि दोघांच्याही पाटीवर 'पीपल्स', म्हणजे लोकांचे, हाच शब्द होता. हा योगायोग असेल. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी या योगायोगापाशी नेहमी थांबतो.

औरंगाबादच्या कॉलेजच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. कॉलेजचे नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन. ही नावे बाबासाहेबांनी विचारपूर्वक दिली होती. मिलिंद हा ग्रीक राजा, मोठा वाद घालणारा. नागसेन हा भिक्षू, त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा. कॉलेजला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे. ज्यांच्या आजापणज्याला गावात मान वर करून बोलायची सोय नव्हती, त्या मुलांच्या कॉलेजला हे नाव! प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ते कॉलेज मनापासून वाढवले. त्याच परिसरात डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक आले आणि साठीच्या दशकाअखेरीस त्यांचे 'अस्मितादर्श' सुरू झाले. दलित साहित्याची एक मोठी पिढी या नियतकालिकाने लिहिती केली.

मिलिंद कॉलेज सुरू झाले तेव्हा मराठवाड्याला विद्यापीठच नव्हते. ते उस्मानियाला जोडलेले होते. म्हणजे आपल्या विद्यापीठापेक्षा नागसेनवन आठ वर्षांनी मोठे. हा क्रम ध्यानात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि स्वतःच्या विद्यापीठाची मागणी फळाला आली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. मुंबई विद्यापीठात आयुष्य घालवलेले सुं. रा. डोंगरकेरी पहिले कुलगुरू म्हणून आले. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे या विद्यापीठाचे क्षेत्र झाले. माझ्या वडिलांनी त्या दिवसाचे वर्तमानपत्र पेटीत ठेवले होते. हैदराबादचे विद्यापीठ सोडून मराठवाड्याचे विद्यापीठ झाले, एवढ्यानेच त्यांना भरून आले होते. पुढे माझे शाळेतले भूमितीचे मराठी पुस्तक ते संध्याकाळी कंदिलाजवळ घेऊन बसत आणि ओळीखाली बोट धरून वाचत.

विद्यापीठाला जागा मिळाली ती शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत, मुख्यतः सहाव्या-सातव्या शतकातली. सातव्या लेण्यात नर्तिका आणि वादक यांचे शिल्प आहे, तिसऱ्यात हात जोडून गुडघ्यावर बसलेल्या उपासकांची पुरुषभर शिल्पे आहेत. पायथ्याशी सतराव्या शतकातला सोनेरी महाल. अलीकडे बीबी का मकबऱ्याचा घुमट. बौद्ध भिक्षू, बुंदेले सरदार, मोगल शाहजादे असे सगळे या एका डोंगराच्या सावलीत नांदून गेले. इतिहास विभागाला अशी प्रयोगशाळा क्वचितच लाभते. याच विद्यापीठातले डॉ. रमेश गुप्ते यांनी बी. डी. महाजन यांच्यासह अजिंठा, वेरूळ आणि औरंगाबादच्या लेण्यांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६२ मध्ये निघाला. सत्तरच्या दशकात नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला, कमलाकर सोनटक्के यांच्यासारखे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले दिग्दर्शक तिथे शिकवू लागले आणि खेड्यांतली मुले रंगमंचावर धीटपणे बोलू लागली.

पण विद्यापीठ म्हणजे केवळ विभाग नव्हेत. मी १९७७ साली इतिहासात एम. ए. करायला आलो तेव्हा विद्यापीठाचे अर्धे जीवन भिंतीबाहेर होते. बेगमपुऱ्यात आणि पहाडसिंगपुऱ्यात घराघरांतून विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने मिळत. आमची घरमालकीण वयस्कर मुस्लिम बाई होती. भाडे थकले तर कधी बोलली नाही, पण रात्री उशिरा आलो तर जरूर बोलायची. खानावळ परवडत नसे, त्यांचे डबे गावाकडून एसटीने येत. पहाटे आई भाकरी थापणार, बाप ती फडक्यात बांधून कंडक्टरच्या हवाली करणार आणि दुपारी पोरगा स्टँडवर जाऊन ती सोडवून आणणार. एक डबा आणि खाणारे तिघे, असाच हिशेब असे. मराठवाड्यातल्या किती पदव्या एसटीच्या टपावरून आल्या, याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

माझ्या खोलीत परभणी जिल्ह्यातला एक मुलगा होता. मिलिंदमधून बी. ए. होऊन आलेला. वडील सालगडी. आम्ही एका डब्यात जेवलो, एका कंदिलात वाचले. तो माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी आज म्हणतो असे नाही, तेव्हाही मला ते माहीत होते.

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, ही चर्चा त्या दिवसांत जोरात होती. बाजूने बोलणारे म्हणत, या मुलखात गोरगरिबांसाठी उच्च शिक्षणाचा पाया त्यांनी घातला. विरोधात बोलणारे म्हणत, मराठवाडा हे नाव आम्ही लढून मिळवले आहे, ते पुसू नका. मला हे दुसरे म्हणणे पटले. माझ्या डोळ्यांपुढे वडील होते, त्यांचे 'मुसल्लस' होते, पेटीतले वर्तमानपत्र होते. मुलांनी एक निवेदन फिरवले, 'मराठवाडा' हे नाव बदलू नये म्हणून. मी त्यावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

खोलीवर त्याला ते कळले. तो चिडला नाही. एवढेच म्हणाला, "तुझ्या बापाला त्याच्या भाषेत शिकता आलं नाही, म्हणून हे विद्यापीठ झालं. माझ्या बापाला तर कोणत्याच भाषेत शिकता आलं नाही. त्याचं काय करायचं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर नव्हते म्हणून मी विषय बदलला.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात जे झाले ते सांगताना आजही जीभ जड होते. शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली, विहिरी नासवल्या, माणसे रातोरात गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. ज्या वस्त्या जळाल्या त्यांतल्या बहुतेकांनी विद्यापीठ पाहिलेले नव्हते. नाव विद्यापीठाचे होते, राग मात्र शिकून ताठ उभ्या राहिलेल्या माणसांवर होता. पोरगा शिकला, चप्पल घालून गावातून चालू लागला, वडिलांचे सालगड्याचे काम सोडवू लागला, हे खरे दुखणे होते. नामांतर हे निमित्त झाले.

माझा सोबती दुसऱ्याच दिवशी गावी निघाला होता. त्याचे घर जळाले होते. कणगीतली ज्वारी जळाली होती. माणसे वाचली. दीड महिन्याने तो आला, पलंगाखालची पत्र्याची पेटी काढली, पुस्तके मोजून घेतली. मी त्याच्याशी काय बोललो हे मला आठवत नाही, कारण मी काही बोललोच नाही. ज्यांनी जाळले त्यांच्यात मी नव्हतो, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खरेही होते. पण माझी सही ज्या कागदावर होती, त्या कागदावरच्या शब्दांनीच जाळणाऱ्यांना तोंड लपवायला जागा दिली होती, हेही तितकेच खरे.

त्या दिवाळीत मी वडिलांना हे सगळे सांगितले. त्याचा तो प्रश्नही सांगितला. वडील बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "बरोबर बोलला पोरगा. आमची गाडी उशिरा आली. त्यांच्या गावाला अजून रूळच नाहीत."

ठराव झाला, पण नाव लागले नाही. पुढे जवळजवळ सोळा वर्षे चळवळ चालली. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँगमार्च निघाला. हजारो माणसे चालली, हजारो तुरुंगात गेली. एस. एम. जोशी यांच्यासारख्या, या समाजाबाहेरच्या ज्येष्ठांनी नामांतराची बाजू घेतली आणि त्यासाठी अपमान सोसले. मुक्तिसंग्रामातली काही थोर माणसे विरोधी बाजूला राहिली. त्यांची देशसेवा खोटी नव्हती. पण एका अन्यायाशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाला शेजारचा अन्याय दिसतोच असे नाही, हा धडा मला त्यांच्याकडे पाहून आणि स्वतःकडे पाहून मिळाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी या मागणीसाठी आत्मदहन केले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९९४ रोजी, नाव बदलले.

बदलले म्हणण्यापेक्षा वाढले. जुने नाव पुसले नाही, त्याच्या आधी नवे नाव जोडले. सरकारी भाषेत याला नामांतर न म्हणता नामविस्तार म्हटले गेले. काहींना ही तडजोड वाटली, आणि राजकारणाच्या हिशेबात ती होतीही. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वेगळे विद्यापीठ निघाले. १९५० साली ज्या दोन माणसांनी या मुलखात दोन कॉलेजांची दारे उघडली, त्यांच्या नावांची दोन विद्यापीठे चव्वेचाळीस वर्षांनी एकाच सालात मराठवाड्यात उभी राहिली.

नामविस्ताराच्या त्या आठवड्यात मी माझ्या जुन्या सोबत्याला पत्र लिहिले. तो तोवर बीड जिल्ह्यात हायस्कूलवर शिक्षक झाला होता. सोळा वर्षांपूर्वी जे बोलायचे होते ते सगळे लिहिले. चार पाने झाली. त्याचे उलट टपाली पोस्टकार्ड आले. त्यावर एकच ओळ होती : पुढच्या १४ जानेवारीला गेटवर ये.

तेव्हापासून मी जातो. तोही येतो. आम्ही पुस्तके घेतो, चहा पितो. त्या कागदाबद्दल आजवर तो बोललेला नाही.

शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. विद्यापीठाकडे संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत, धाराशिवला उपकेंद्र आहे. ज्यांच्या आयांनी भाकरीचे डबे एसटीत ठेवले, त्या मुलांच्या मुली आज तिथे संशोधन करतात. अडचणी नाहीत असे नाही. पण विद्यापीठाचा इतिहास सांगताना आपण आजही एक चूक करतो. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला एक गर्दी असते आणि १४ जानेवारीला दरवाज्यापाशी दुसरी. दोन्हीकडे दिसणारी माणसे अजून थोडी आहेत.

म्हणून मित्रहो, शेवटी एक विनंती. आपल्या घरात मुक्तिसंग्रामाची आठवण सांगणारे कुणी असेल, तर त्यांच्या नातवाला एकदा १४ जानेवारीला गेटवर आणा. आणि ज्यांच्या घरात लाँगमार्चला चाललेले, तुरुंगात गेलेले कुणी असेल, त्यांनी १७ सप्टेंबरला एक दिवस आपल्या लेकरांना त्या लढ्याची गोष्ट सांगा. माझे वडील आज नाहीत. असते तर मी त्यांना त्या दरवाज्यापाशी नेले असते आणि त्या आजीच्या नातीशी त्यांची ओळख करून दिली असती. तिच्या गावाला रूळ पोचले आहेत, एवढे त्यांना सांगायचे राहून गेले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)